बारा जणींचे गुडघे

“पाणी प्यायलीस का गं?” काउंटरवरच्या बाईनं मला विचारलं.

“न्हाई.”

“मग पी. पोटभर पी आणि दाबून धर. आत बोलावल्याबिगर बाथरूमला जायचं न्हाई.”

मी तेव्हा सोळा वर्षांची. दवाखान्यातल्या माणसानं सांगितलेलं निमूट ऐकायचं, एवढं शिकलेली. कोपऱ्यातल्या फिल्टरचं पाणी मी पेल्यामागून पेला ढोसलं आणि आईशेजारी येऊन बसले. माझा उजवा गुडघा दुखत होता. गुडघा बघायला पोट कशाला भरायचं, हे कोडं मला पडलं होतं, पण आई काही बोलेना म्हणून मीही बोलले नाही.

विट्यात ते सोनोग्राफी सेंटर नवीनच झालं होतं. बाकांवर सगळ्या पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. समोरच्या भिंतीवर मोठी पाटी, की इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही. आईनं पदर असा पुढं ओढला होता की खुद्द माझ्या वडलांनी, आण्णांनी, तिला ओळखलं नसतं. मालनकाकूनं मात्र ओळखलं. ती आमच्याच गल्लीतली, सुनेला घेऊन आली होती. तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या पोटाकडं. पोट पाण्यानं टम्म झालं होतं.

“कुणाची करायचीया?”

“हिची,” आई म्हणाली. “गुडघा दुखतोय हिचा.”

“हां हां,” मालनकाकू म्हणाली. “गुडघा.”

तिच्या त्या ‘गुडघा’त काय काय होतं ते मला घरी गेल्यावर कळलं.

गुडघ्याचं दुखणं लागलं होतं खो-खोतून. आमच्या शाळेच्या शेवाळे बाईंनी मुलींचा संघ बांधला होता आणि त्यातल्या बहुतेक जणी जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेला जायच्या. मी खांबाजवळच्या चौकटीत बसायची. खो-खोत तासन् तास उकिडवं बसायचं, पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकलं की बसल्या जागेवरून उसळायचं. ती उसळी माझी चांगली होती. बाई एरवी कुणाचं कौतुक करायच्या नाहीत, पण माझ्याबद्दल एकदा म्हणाल्या होत्या, “ही उठत न्हाई, सुटती.” ते वाक्य मी कित्येक दिवस मनातल्या मनात घोळवलं. मग दिवाळीनंतर उठताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ येऊ लागली. मी कुणाला सांगितलं नाही. बाईंचा नियम होता, दुखतं म्हणणारीला बसवायचं. त्यामुळं आमच्या संघात कुणाचंच काही दुखत नसे. शाळेच्या टाकीमागं मात्र बारमाही मलमाचा वास यायचा.

बाईंनीच मला पकडलं. मी उजव्याऐवजी डाव्या पायावर जोर देऊन उठू लागले होते, ते त्यांनी हेरलं. “हाडाच्या डॉक्टरला दाखव,” म्हणाल्या. हाडाच्या डॉक्टरांनी इथं पाठवलं. आणि राज्य स्पर्धा तोंडावर आली होती.

हा संघ माझ्यासाठी नुसता खेळ नव्हता. आण्णा कोइमतूरला असायचे. आमच्या भागातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यापायी मुलूखभर पांगलेली, तशी आण्णांचीही तिकडं गलाईची भट्टी होती. तिथंच कुणा मुलीचं नाव ऐकून त्यांनी माझं भुवनेश्वरी ठेवलं होतं, आणि दहावी झाल्यावर मला नि आईला तिकडंच न्यायचं त्यांच्या मनात होतं. आईनं भांडभांड भांडून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की पोरगी संघात आहे तोवर आम्ही विट्यात. संघातून गेले की कोइमतूरच्या गाडीत.

आत डॉक्टर सोवनी होत्या. तिशीच्या असतील. माझा अवघडलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं, “काय होतंय?”

“लघवीला लागलीया.”

“मग जाऊन ये की.”

“दाबून धरायला सांगितलंय.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, ते पोटाच्या सोनोग्राफीला. पळ.”

परत आले तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्याखाली उशी दिली, गार चिकट जेली लावली आणि इस्त्री फिरवावी तसं ते यंत्राचं टोक वाटीखाली फिरवायला लागल्या. पडदा त्यांनी माझ्याकडं वळवला. माझा गुडघा आतून मला दिसत होता, याचंच मला अप्रूप.

“ही तुझी वाटी. इथून खाली नडगीपर्यंत ही पट्टी गेलीय बघ, हिला कंडरा म्हणतात. मांडीचा सगळा जोर हिच्यातून पायात जातो.”

करड्या बारीक रेघा एकीला एक लागून गेल्या होत्या, शेवयांच्या जुडीसारख्या. वाटीच्या टोकाशी मात्र रेघा पुसल्यासारख्या होऊन काळा डाग पडला होता.

“ते काळं काय हाय?”

“तिथं कंडरा जाड झालीय, धागे विस्कटलेत.”

“फाटली का?”

“नाही गं. आता दुसरा पाय.”

“दुसरा दुखत न्हाई.”

“तरी बघते. माझी सवय आहे. चांगला बघितल्याशिवाय वाईट कळत नाही.”

डाव्या गुडघ्यात पडद्यावर डाग आला तो उजव्याहून मोठा आणि जास्त काळा. डॉक्टर थांबल्या. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, परत पायाकडं.

“उजवा कुठला तुझा?”

मी उजवा हलवून दाखवला. त्यांनी पुन्हा दोन्ही तपासले.

“हा डावा कधीच दुखला नाही?”

“कधीच न्हाई.”

“गंमत आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “तू म्हणतेस उजवा दुखतो. चित्र म्हणतं डावा दुखायला पाहिजे.”

“मग चित्र चुकलं?”

“चित्र बरोबर आहे.”

“मग मी चुकले?”

“तूही बरोबर आहेस,” डॉक्टर म्हणाल्या. “तेच तर मला कळेना.”

मला ही बाई फार आवडली. न कळलेली गोष्ट न कळल्याचं सांगणारं मोठं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. त्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून दिलं, दोन्ही गुडघ्यांचं.

आम्ही भाजी घेऊन घरी पोचलो तर फोन वाजत होता. आमची रिक्षा विट्यातल्या विट्यात पोचेपर्यंत बातमी कोइमतूरला जाऊन आली होती. मालनकाकूचा भाऊ आण्णांच्या भट्टीशेजारीच बसायचा.

आईनं फोन कानापासून हातभर लांब धरला तरी आण्णा मला ऐकू येत होते.

“अवो, गुडघ्याची केली,” आई म्हणत होती. “गुडघ्याची. हां, सोनोग्राफीच. गुडघ्याची बी असती.”

तिकडून काहीतरी आलं.

“मी कशाला तुमास्नी खुळं समजू? डॉक्टरीणबाईंला इचारा.”

आण्णांचं तोवर आजूबाजूच्या चार भट्ट्यांवर विचारून झालं होतं. गुडघ्याची सोनोग्राफी कुणी ऐकली नव्हती. पोरीचा खेळ बंद, शाळा संपली की दोघींनी गाडीत बसायचं, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.  मी रडले नाही, कारण मला वाटलं अजून संघ आहे. बाईंनी निवडलं की आण्णा आपोआप नरमतील.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मैदानावर उभ्या उभ्या रिपोर्ट वाचला. शेवाळे बाई चाळिशीच्या, काटक. हसल्याच तर वर्षातून एकदा, तेही ढाल मिळाली तर.

“दोन्ही?” त्यांनी विचारलं.

“डावा दुखत न्हाई बाई. खरंच न्हाई.”

“दुखत न्हाई म्हंजे अजून दुखला न्हाई. इथं लिहिलंय की डाव्यात जास्त.” त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. “ह्या वर्षी तू न्हाईस भुवना. कंडरा तुटली तर जन्माची लंगडशील. तुज्या जागी शबनम बसंल.”

डॉक्टरांनी डावा पाय बघितला नसता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. शबनम मुलाणी माझी मैत्रीण. ती माझ्याकडं न बघता बुटाची नाडी बांधत राहिली. ती नाडी बांधलेलीच होती.

मी घरी येऊन आईला सांगितलं आणि मग मात्र भोकाड पसरलं. आईनं मला रडू दिलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटवून ती म्हणाली, “तुजी मैत्रीण, ती मुलाण्याची, तिचा गुडघा कसा हाय?”

“चांगला हाय.”

“कुणी बघितलाय?”

मी नाक पुसत तिच्याकडं बघितलं.

“आणि दुसरं,” आई म्हणाली, “तू एकटी गेलीस म्हणून लोकांची तोंडं सुटली. बारा जणी एकदम गेल्या, तर? बारा जणींवर बोलायला कुणाची जीभ रेटंल?”

माझी आई सातवी शिकलेली. पण ती वकील झाली असती तर जिल्ह्यातल्या कोर्टाला कठीण गेलं असतं. त्याच संध्याकाळी ती बाईंच्या घरी गेली. मला तिनं दारात उभं केलं.

बाई आधी ऐकेनात. “सगळ्या पोरींना सोनोग्राफीला न्यायचं? लोक काय म्हनतील?”

“लोक म्हनायलेतच की. काल माझ्या पोरीला म्हनत हुते, आजपासून ‘खो-खोच्या पोरी’ म्हनायलेत. आज कोण आली न्हाई सरावाला?”

 दोन जणींना त्यांच्या घरच्यांनी घरी ठेवून घेतलं होतं. आणि दोघीही उत्तम पळणाऱ्या होत्या.

“त्या डॉक्टरीणबाईला यंत्रच शाळेत आणायला सांगते,” बाई म्हणाल्या. “खोलीत पडदा लावू.”

पण डॉक्टरांनी ते जमणार नाही म्हणून सांगितलं. यंत्र जागेवरून हललं तर दवाखान्याला टाळं लागेल, गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदाच तसा आहे. मुलींना घेऊन या, म्हणाल्या, मी फुकट बघते, मलाही बघायचंच आहे. फक्त रविवारी या, तेव्हा दवाखाना रिकामा असतो.

“रविवारी नगं,” आई म्हणाली. “बाजाराच्या दिवशी येतो. दवाखाना भरलेला पायजे.”

बाजाराच्या दिवशी सकाळी, घरी ठेवलेल्या दोघींसकट, आम्ही बारा जणी निळ्या-पिवळ्या पोशाखात, छातीवर नंबर लावून, दोन-दोनच्या रांगेनं बसस्टँडवरून गेलो. पुढं बाई, गळ्यात शिट्टी. मागं आई, आज डोक्यावरचा पदर कपाळाच्याही वर. भाजीवाल्या उठून बघायला लागल्या. “कुटं निगाल्या गं पोरी?” एकीनं विचारलं, तर आई अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गुडघ्याची सोनोग्राफी करायला!” मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं, पण शबनमनं माझा हात घट्ट धरला होता.

काउंटरवरच्या बाईनं आमची रांग बघितली आणि सवयीनं म्हणाली, “पाणी प्या गं पोरींनो.” आम्ही कुणीच प्यालो नाही. ती माझ्याकडं बघून हसली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी एक अजब अट घातली. “कोणीही मला काही सांगायचं नाही. कुठला दुखतो, किती दुखतो, काही नाही. मी आधी बघणार, मग ओळखणार, मग तुम्ही सांगायचं बरोबर की चूक.”

आम्हाला हा खेळ वाटला. पहिली झोपली ती आमची कर्णधार, विजयमाला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बघितले आणि म्हणाल्या, “उजवा दुखतो.”

विजयमालानं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंकडं बघितलं. “न्हाई दुखत.”

दुसरी म्हणाली, “न्हाई दुखत.” तिसरीही तेच म्हणाली. डॉक्टरांनी यंत्राचं टोक खाली ठेवलं.

“बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“मी? मी ह्यांची शिक्षिका हाय.”

“म्हणूनच.”

बाई बाहेर गेल्या. दार लागलं आणि मग खोलीत जे काही सुरू झालं त्याला तोड नव्हती. विजयमालाचा डावा दुखत होता, जिन्यावरून उतरताना. चित्रात डावा एकदम कोरा, शेवया नीट मांडलेल्या. वनिता नावाची बारीक पोरगी होती, तिचे दोन्ही गुडघे आरशासारखे, एक डाग नाही. डॉक्टर म्हणाल्या, “हिला काही त्रास नाही.” वनिता रडायलाच लागली. तिला रात्री कूस बदलता येत नव्हती, आणि हे ती आज पहिल्यांदा बोलत होती. शबनमच्या गुडघ्यात एवढा मोठा काळा डाग निघाला की आम्ही सगळ्या पडद्यावर वाकलो. डॉक्टरांनी रंगाचं बटण दाबलं तर त्या डागात लाल ठिपके लुकलुकायला लागले. नवीन रक्तवाहिन्या उगवल्यात, म्हणाल्या.

“हा नक्की दुखतो.”

“अल्ला शप्पथ न्हाई दुखत,” शबनम म्हणाली. “कायबी न्हाई होत मला.” आणि खरंच, ती खाटेवरून उडी मारून उतरली, आणि तिथंच दोन बैठका मारून दाखवल्या.

निम्म्या वेळा अंदाज बरोबरही आला, नाही असं नाही. डाग तिथं दुखणं तिथं, नाहीतर दोन्ही नाहीत. अशा वेळी डॉक्टर टाळी वाजवायच्या आणि पुढचीला परत तोंडावर पडायच्या. मला त्या अंदाजाचं फार कुतूहल वाटायला लागलं. मी पडद्याशेजारीच उभी राहून आधी माझा अंदाज सांगायला लागले, आणि मीही तितकीच चुकले.

बारावी मुलगी उतरल्यावर डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. “छापा-काटा केला असता तरी साधारण एवढंच बरोबर आलं असतं,” त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. “मोठ्या पुस्तकात असं लिहिलेलं वाचलं होतं मी, की खेळणाऱ्या मुलांमध्ये डाग असून दुखत नाही असं पुष्कळ सापडतं. पण वाचलेलं वेगळं.”

मग त्यांनी बाईंना आत बोलावलं. कुणाचं नाव न घेता सांगितलं, की बाराजणींतल्या सात जणींच्या कंडरेत असे डाग आहेत. त्यातल्या चौघींना काहीच त्रास नाही. आणि ज्यांना त्रास आहे त्यांतल्या काहींच्या चित्रात काहीच नाही.

“डाग कुणाला हाय ते सांगा,” बाई म्हणाल्या.

“सांगून काय कराल?”

“बसवीन. तुटायची भीती हाय.”

“सात जणींना बसवलं तर खेळणार कोण?” डॉक्टर म्हणाल्या. “आणि मला विचाराल तर, डाग आहे म्हणून तुटेल असं नाही हो. खेळणाऱ्या कंडरेत असे बदल होतात. काही दुखतात, काही नाही. ज्यांना दुखतं त्यांनी जोर कमी करायचा, मांडी हळूहळू मजबूत करायची. बसवून ठेवायचं नाही.”

 मी बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला वाटलं आता त्या शिट्टी वाजवतील आणि आम्हाला बाहेर काढतील. त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

“माझे बघा,” त्या म्हणाल्या.

बाई खाटेवर आडव्या झाल्या. साडी गुडघ्यापर्यंत वर घेताना त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की आम्ही सगळ्यांनी उगीचच छताकडं बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, “तुम्ही सांगू नका. मी ओळखते.”

“ओळखा.”

डॉक्टरांनी उजवा बघितला, डावा बघितला. “उजव्यात डाग आहे. डावा अगदी स्वच्छ. उजवा दुखत असेल.”

बाई छताकडंच बघत होत्या. “उजवा जन्मात दुखला न्हाई. डाव्यानं मी एकोणिसाव्या वर्षी खेळ सोडला.”

आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी लग्नासाठी खेळ सोडला असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

“तेव्हाच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली होती?” डॉक्टर सोवनींनी विचारलं.

“कुटली आलीया तेव्हा सोनोग्राफी. अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हनला, दोरी झिजलीया, आता खेळलीस तर तुटंल. मी राज्याच्या संघात होते.” त्या कोपरावर उठून बसल्या. “झिजली होती का तेव्हा?”

“आज कसं सांगू?” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “तेव्हा काय होतं ते आजच्या चित्रात नाही दिसत. असेल, भरूनही आली असेल. किंवा काहीच नसेल.”

“मग दुखत होतं ते? अजून दुखतं, खाली बसले की. ते कुटं हाय ह्यात?”

“ते ह्यात येत नाही, बाई. ते जिचं तिलाच विचारायला लागतं.”

बाईंनी पायावरची जेली पुसली. कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

आईनं दुपारी कोइमतूरला फोन लावला. या वेळी फोन तिनं कानाला चिकटवून धरला. “बारा पोरींची केली,” ती म्हणाली. “आता बाराजणींचं काय ते बोला तुमच्या मालनच्या भावाला.”  मग आण्णांनी काहीतरी विचारलं. “व्हय, मास्तरीणबाईंचीबी केली,” आई म्हणाली. “पन्नाशीला टेकलीया ती.” हे साफ खोटं होतं, पण आण्णा हसल्याचं मला लांबूनही ऐकू आलं. संघात असेल तर राहा, म्हणाले ते. संघाचं मात्र अजून ठरायचं होतं.

संध्याकाळी आम्ही मैदानावर जमलो. बाई दोन खांबांमधल्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या. नेहमीप्रमाणं आधी वॉर्मअप सांगितला नाही.

“कुणाकुणाचं दुखतंय?” त्यांनी विचारलं.

 आम्ही त्यांच्याकडं अशा बघत राहिलो जसं काही हा प्रश्न दुसऱ्याच कुणाला आहे. वनिता माझ्या शेजारी उभी होती आणि एका पायावर भार टाकून होती.

“कुणाला बसवणार न्हाई,” बाई म्हणाल्या. “सांगा.”

पण हे वाक्य आम्ही कधी त्यांच्या तोंडून ऐकलंच नव्हतं, त्यामुळं विश्वास बसेना. मी मनात हिशेब करत होते. मला तर आधीच बसवलेलं. आता बोलले तर कायमचीच जाणार की काय? आणि गप्प राहिले, तर कदाचित बाई डाव्याचं विसरतील, उजव्याचं विसरतील, खांबाजवळ परत बसवतील.  डॉक्टरांचा चेहरा डोळ्यापुढं आला, तो न कळल्याचं कबूल करणारा.

“माझा दुखतोय,” मी म्हटलं. “उजवा. खालून उठताना. रोज.”

बाई माझ्याजवळ आल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं. आम्ही दोघी समोरासमोर. त्यांनी अंगठा माझ्या वाटीखाली ठेवला.

“इथं?”

“हां.”

“आधी का न्हाई बोललीस?”

“बोलले असते तर तुमी बसवलं असतं.”

त्यांनी अंगठा काढला नाही. मान खाली होती. त्या इतक्या हळू बोलल्या की फक्त मलाच ऐकू आलं.

“मी बोलले होते. आमच्या सरांना. खरंखरं सांगितलं, डावा दुखतोय म्हनून. त्याच दिवशी बसवलं मला.” मग त्यांनी वर बघितलं. “मला तर वाटायचं, मी तुमास्नी वाचवतीया.”

 मागं कुणीतरी म्हणालं, “बाई, माझा डावा.” ती विजयमाला होती. मग वनिता म्हणाली, “माझे दोन्ही.” मग आणखी एक आवाज, आणखी एक. शबनम म्हणाली, “माझा न्हाई दुखत बाई, पन मी हात वर करू का?” आणि कुणीतरी हसलं.

“खांबाजवळ तूच बसायचं,” बाई मला म्हणाल्या. “शबनम तिच्या जागी. आठवडाभर सूर मारायचा न्हाई, आणि रोज येऊन मला खरं सांगायचं. चल, ऊठ.”

मी उठायला लागले आणि कळ आली. बाईही उठायला लागल्या, पण त्यांचा डावा गुडघा अर्ध्यातच अडकला. त्यांनी हात पुढं केला, मी धरला, आणि एकमेकींना ओढत आम्ही कशाबशा उभ्या राहिलो. उभं राहताना, सगळ्या संघासमोर, शेवाळे बाई मोठ्यानं म्हणाल्या, “आई गं.”